पाहुणा काय विचारतो?

(नभोवाणीवरील भाषण)



रेल्वे स्थानकावरील ज्या खिडकीला हिंदीत 'पूछताछ' म्हणतात, तिला आपण मराठीत 'चौकशी' म्हणतो. शब्द मोठा गमतीचा आहे. चौकशी खरे म्हणजे प्रवाशाने करावयाची. परंतु याच शब्दाला एक फौजदारी अर्थही आहे, आणि खिडकीपलीकडच्या गृहस्थांची मुद्रा पाहिली म्हणजे पुष्कळदा वाटते की, चौकशी आपलीच चालली आहे. कोठून आलात, कशाला आलात, अगोदर का नाही विचारले, असे तीन प्रश्न झाले म्हणजे आपल्या एका प्रश्नाला उत्तर मिळते. आणि तेही बहुधा 'बाहेर विचारा' एवढेच.

आज मला बोलावयाचे आहे ते आपल्या इंदूर शहरी येणाऱ्या पाहुण्यांना मिळणाऱ्या माहितीविषयी. मी काही पर्यटन खात्यातील तज्ज्ञ नव्हे. शाळेत मराठी शिकविणारी एक शिक्षिका आहे. पण इंदुरातील प्रत्येक मराठी घर हे एक बिनपगारी माहिती-केंद्र असते, हे आपणांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक असेल. जळगावची मावसबहीण, नाशिकचे दीर, पुण्याच्या शेजारणीची नणंद, कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. आणि या फोनवर काय विचारले जाते? राजवाड्याचे किती मजले दगडी आणि किती लाकडी, हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. विचारतात ते असे: 'अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरलो तर त्याच दिवशी उज्जैन आणि ओंकारेश्वर दोन्ही होतील का? आईचे गुडघे दुखतात, तिला तिथल्या पायऱ्या झेपतील का? सामान कोठे ठेवावयाचे? रात्री अकराला पोहोचलो तर रिक्षावाला किती घेईल?'

हे प्रश्न आणि आपली गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रके यांची गाठ पडत नाही. माहितीपत्रक 'काय पाहावे' हे सांगते; पाहुणा 'कसे जमेल' हे विचारतो. माहिती-सेवा आधुनिक करावयाची म्हणजे प्रथम हे अंतर मिटवावयाचे, असे माझे म्हणणे आहे. यंत्रे नंतर येतील.

पूर्वी ही गाठ पडत असे. ओंकारेश्वरचा तीर्थोपाध्याय आपल्या वहीत यजमानाच्या आजोबांचे नाव काढून दाखवी आणि मग स्नान कोठे, जेवण कोठे, परतीची गाडी केव्हा, हे सारे तोच सांगे. त्याची दक्षिणा जबर असेल, पण त्याची माहिती शिळी नसे. कारण तो त्याच घाटावर राहत होता. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे घातली, हे आपण शाळेत शिकतो. परंतु धर्मशाळा ही नुसती निवाऱ्याची जागा नव्हती. पुढच्या मुक्कामाहून परतलेला मनुष्य तेथे मागच्या मुक्कामाहून आलेल्यास भेटे, आणि पूल वाहून गेला आहे की नदीला उतार आहे, हे त्यास सांगे. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची वार्ता मिळाली ती वाटेत भेटलेल्या शिपायांकडून. त्या काळी ताजी माहिती माणसाबरोबर चालत येत असे.

छापील माहितीचा काळ पुढे आला. १९७८ मध्ये मध्य प्रदेश राज्य पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, उतारूगृहे निघाली, पत्रके छापली गेली. त्या पत्रकांना मी नावे ठेवीत नाही. ज्या काळी प्रवासी दोन दिवस मुक्काम करून, टांगा ठरवून, राजवाडा, काच मंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग आणि १९०४ सालचे गांधी हॉल असे क्रमाने पाहत असे, त्या काळाला ती पुरेशी होती.

पण आता येणारा पाहुणा निराळा आहे. तो इंदुरात झोपतो आणि इतरत्र जातो. उज्जैन सुमारे पंचावन्न किलोमीटर, ओंकारेश्वर ऐंशीच्या आतबाहेर, महेश्वर नव्वदीच्या घरात आणि मांडू शंभराच्या जवळपास. या सगळ्यांच्या मधोमध आपले शहर बसले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक खुले झाले, सप्टेंबर २०२३ मध्ये ओंकारेश्वरी आद्य शंकराचार्यांच्या एकशे आठ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, आणि इंदूर हे या साऱ्या यात्रेचे दार बनले. महाकालाची भस्मारती पहाटे चारच्या सुमारास असते. तिला प्रवेश आगाऊ नोंदणीनेच. म्हणजे इंदुरात उतरलेल्या कुटुंबाने मध्यरात्रीनंतर लगेच निघावयास हवे. त्या वेळी वाहन कोठे मिळेल, किती आधी पोहोचावयास हवे, लहान मुलास बरोबर न्यावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयीन वेळेत उघडणारे केंद्र कशी देणार? ओंकारेश्वराचे मंदिर नर्मदेतील बेटावर आहे. पुलाने वा नावेने पलीकडे जाऊन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ममलेश्वर मात्र अलीकडच्या काठावर आहे. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी पुतळ्याच्या उंचीपेक्षा ही दोन वाक्ये मोलाची.

आणि सगळेच पाहुणे यात्रेकरू किंवा पर्यटक नसतात. निमाडातून आणि खानदेशातून रुग्णाला घेऊन इंदूरच्या इस्पितळांत येणारे नातेवाईक आहेत. मुलाला शिकवणी वर्गात घालण्यासाठी आलेला बाप आहे. परीक्षेला आलेली एकटी मुलगी आहे. केरळातून येऊन उदयनगरला राणी मारिया यांच्या समाधीकडे जाणारे भाविक आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदुरात झालेल्या सोहळ्यात त्यांना 'धन्य' घोषित केल्यापासून हा मार्ग पुष्कळांना माहीत झाला आहे. पर्यटन खात्याच्या व्याख्येत यांपैकी कोण बसतो याच्याशी खिडकीला कर्तव्य नसावे. रात्री दहाला औषधाचे दुकान कोठे उघडे असेल हे विचारणारा मनुष्यही या शहराचा पाहुणाच आहे.

एकदा मी आठवीच्या वर्गाला निबंधाऐवजी एक निराळे काम दिले. 'नाशिकहून प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास इंदूर स्थानकावरून राजवाड्यापर्यंत आणण्यासाठी पत्र लिहा.' मुले खूष झाली. सोपा विषय वाटला. वह्या तपासताना मला हसू आवरेना. बहुतेकांनी 'राजवाडा जवळच आहे' असे लिहिले होते. किती जवळ, हे कोणी लिहिले नव्हते. बऱ्याच जणांनी 'कोणालाही विचारा, सांगतील' असा शेरा मारून हात धुऊन घेतले होते. एका मुलाने राजवाड्याचा इतिहास दीड पान लिहून रस्ता लिहिलाच नव्हता. हा मुलगा पुढे पत्रके लिहिण्याच्या नोकरीत चमकेल! एका मुलीने मात्र लिहिले होते: 'स्थानकाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते आधी ठरवा, नाहीतर रिक्षावाला वळसा घालून दुप्पट पैसे मागेल, आणि सायंकाळी आलात तर जेवू नका, कारण रात्री सराफ्यात खायचे आहे.' तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले. ही मुलगी पाहुण्याच्या जागी जाऊन उभी राहिली होती.

सराफ्याचेच पाहा. दिवसा ती सोन्याचांदीची पेढी. दुकाने मिटली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवे आणि जलेबी यांचा संसार मांडला जातो. चित्रे पाहून भर दुपारी तेथे आलेला पाहुणा सोनारांकडे बघत उभा राहतो. पत्ता बरोबर होता, वेळ कोणी सांगितली नव्हती. त्याच दुपारी त्याला छप्पन दुकानांकडे धाडले असते तर तो उपाशी राहिला नसता. तीच गत आठवड्याच्या सुटीची. सरकारी वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद, हे दारावरच्या पाटीवर वाचावयाचे की आदल्या रात्री कळावयाचे?

आता शिळ्या माहितीविषयी. इंदूरहून ओंकारेश्वरला जावयाचे तर खंडव्याची छोटी गाडी धरा आणि ओंकारेश्वर रोडला उतरा, हा सल्ला तीन-चार पिढ्यांनी दिला आणि तो बरोबर होता. होळकरांनी इंग्रज सरकारला दिलेल्या कर्जातून उभा राहिलेला हा जुना मार्ग. २०२३ मध्ये रुळांची रुंदी बदलण्यासाठी त्याचा महूपलीकडील टप्पा बंद झाला. पातालपाणी ते कालाकुंड ही डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली वारसा गाडी निराळी. ती केवळ घाट आणि धबधबा पाहण्यासाठी, कधी चालते, कधी बंद असते. परंतु जुनी पुस्तके व त्यांवरून उतरविलेले लेख अजूनही लोकांच्या हाती आहेत. आग्रा-मुंबई रस्त्यावरील बसची स्वतंत्र मार्गिका २०१३ पासून चालली. २०२५ मध्ये ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी ३१ मे रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, मेट्रो सुरू झाली. पाहुण्याने वर्तमानपत्रात वाचले, 'इंदुरात मेट्रो आली', आणि तो रेल्वे स्थानकावर उतरून तिचा जिना शोधू लागला. वास्तविक पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवरचा, सुमारे सहा किलोमीटरचा; स्थानकाशी वा राजवाड्याशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. यात कोणी खोटे बोलले नाही. फक्त खरी गोष्ट अर्धी सांगितली गेली.

आम्ही शिक्षक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज तारीख घालतो. मुलांना ती ठाऊक असते. तरी घालतो, म्हणजे फळ्यावरचे आजचे की कालचे, याविषयी वाद राहत नाही. पाहुण्यांसाठी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला अशी तारीख असावी, आणि ती ओळ कोणी तपासली त्या हुद्द्याचे नाव असावे. बसचे वेळापत्रक बस-आगाराने, दर्शनाच्या वेळा देवस्थानाने, तिकिटाचे दर पुरातत्त्व खात्याने कळवावे. एका ठिकाणी ती नोंद व्हावी आणि तीच नोंद खिडकीवर, पाटीवर व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसावी. आज होते असे की, पडदा एक सांगतो, पाटी दुसरे, आणि रिक्षावाला तिसरे. तिघांत रिक्षावालाच पाहुण्यासमोर उभा असतो, म्हणून त्याचेच खरे ठरते.

येथे कोणी म्हणेल, 'बाई, आता खिडकी हवी कशाला? सगळे फोनवर मिळते.' हा आक्षेप पोरकट नाही. स्कॉटलंडच्या पर्यटन संस्थेने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले की, आपली पंचवीसही माहिती-केंद्रे दोन वर्षांत बंद करावयाची. कारण प्रवासी निघण्यापूर्वीच सारे शोधून, आरक्षण करून येतो. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर असेल. जेथे खेड्यातील बस केव्हा येईल हे घरबसल्या कळते आणि ती बहुधा तेव्हाच येते, तेथे खिडकीचे काम कमी होते. आपल्याकडे पडद्यावरील माहितीवर अजून तेवढा भरवसा टाकता येत नाही. आणि ती कोरी जागा रिकामी राहत नाही, तिच्यात ठक शिरतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने इशारा दिला की, केदारनाथचे हेलिकॉप्टर, सोमनाथचे अतिथीगृह अशा नावांची बनावट संकेतस्थळे काढून यात्रेकरूंना लुबाडले जात आहे. मंदिराच्या नावाने पैसे मागितले की आपल्याकडे माणूस चटकन हात सैल करतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हे खरे. पण पैसे भरण्यापूर्वी 'हे ठिकाण खरे का?' एवढे विचारावयास एक विश्वासाचा आवाज असता, तर बरेच काही टळले असते. खिडकीचे नवे काम हे आहे. पाहुणा आता माहिती घेऊनच येतो; त्याला ती पडताळून हवी असते.

तो आवाज कोणत्या भाषेत असावा? केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्यटकांसाठी १३६३ हा दिवसरात्र चालणारा दूरध्वनी बारा भाषांत सुरू केला. हिंदी, इंग्रजी आणि दहा परदेशी भाषा. जपानी होती, कोरियन होती, अरबी होती. मराठी नव्हती, गुजरातीही नव्हती. परदेशी पाहुण्यांची सोय केली याचा मला आनंदच आहे. परंतु धुळ्याच्या आजीबाईंना हिंदी कळते म्हणून त्यांना घाईच्या वेळी हिंदीत विचारताही येते, असे समजू नये. माणूस गोंधळला की आईच्या भाषेत बोलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली आहे. तो पुरा होईल तेव्हा नाशिक आणि खानदेशचे पाहुणे आजच्या कितीतरी पट येतील. त्यांच्याशी मराठीत बोलणारी माणसे या शहराला बाहेरून आणावी लागणार नाहीत. १९१७, १९३५ आणि २००१ या तिन्ही साली मराठी साहित्य संमेलन ज्या शहराने भरविले, त्या शहरात मराठी बोलणाऱ्यांचा दुष्काळ नाही. ज्या बसस्थानकाला तात्या सरवट्यांचे नाव आहे, तेथे तरी पाहुण्याला मराठी ऐकू यावी.

आतिथ्याचा तर प्रश्नच नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस येथे भरला तेव्हा 'पधारो म्हारे घर' म्हणून इंदूरकरांनी परदेशस्थ पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. पोहे-जलेबीचा आग्रह काय झाला असेल याची कल्पना कोणीही करावी! पण ते निमंत्रित पाहुणे होते. स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येणाऱ्या या शहराने नागरिकाची तक्रार नोंदविण्यासाठी '३११' नावाची सोय केली आहे. कचरा उचलला नाही तर कोणाला सांगावयाचे हे यजमानाला ठाऊक आहे. अनाहूत पाहुण्याने वाट चुकल्यावर कोणाला सांगावयाचे, हेही तेवढेच सोपे व्हावयास हवे.

माझी सूचना खर्चाची नाही. रेल्वे स्थानक, सरवटे आणि गंगवाल ही बसस्थानके व विमानतळ, या चार ठिकाणच्या मेजांवर एकेक वही ठेवावी. तीत दिलेली उत्तरे लिहू नयेत. देता न आलेले प्रश्न लिहावेत. परीक्षेत सबंध वर्ग एकाच प्रश्नाला अडला, तर समजावे की तो भाग शिकवावयाचा राहिला आहे. तद्वत, 'सामान कोठे ठेवू' हा प्रश्न महिन्यात शंभर वेळा वहीत आला, तर नवा नकाशा छापण्याऐवजी सामानघराची पाटी करावी. 'परतीची शेवटची बस केव्हा' हा प्रश्न मांडूकडून येणाऱ्यांनी वारंवार विचारला, तर ती वेळ मांडूच्या जहाज महालाजवळ लावावी, इंदुरात नव्हे. महाविद्यालयांतील तरुण-तरुणींना संध्याकाळच्या आणि पहाटेच्या पाळ्या मोबदला देऊन द्याव्यात. कारण गाड्या कचेरीची वेळ पाहून येत नाहीत. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या गर्दीत प्रश्न विचारायला थांबण्याइतकीही जागा मिळणार नाही. वही आज सुरू केली तर कोणते प्रश्न येतात हे तोवर कळून चुकेल.

आरंभ कोठून करावा असे कोणी विचारील तर मी महूचे नाव घेईन. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे झाला, आणि त्या दिवशी विदर्भ-मराठवाड्यातून माणसांचा पूर लोटतो. गावाचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. स्थानकाच्या पाटीवरही तेच आहे. लोकांच्या तोंडी मात्र 'महू'. प्रथमच आलेली मंडळी 'महूची गाडी' शोधतात आणि समोर उभी असलेली डॉ. आंबेडकर नगरची गाडी सोडून देतात. नावांचा असा घोळ आपल्याला नवा नाही. निजामाबादचे जुने नावही इंदूरच, त्यामुळे नांदेडकडच्या एखाद्या वृद्धाने 'इंदूरला जातो' म्हटले तर कोणत्या, हे विचारून घ्यावे लागते! तेव्हा १३ एप्रिलच्या सायंकाळपासून इंदूर स्थानकावर एक मेज मांडावे, दोन्ही नावे ठळक लिहावीत, फलाट, गाडीची वेळ, परतीची शेवटची बस आणि पिण्याच्या पाण्याची जागा मराठीत फळ्यावर लिहावी, आणि शेवटची गाडी सुटेपर्यंत तेथे कोणीतरी बसून असावे. वही मेजावर उघडी ठेवावी. १५ तारखेस ती महापालिकेत वाचली जावी.